औषधाच्या खिडकीतले पाचशे तास
(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावले होते, "आठवणी जेवताना काढू, व्यासपीठावर मात्र प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी बोलायचे." मला ते बरे वाटले. आठवणींच्या बाबतीत माझ्यापेक्षा मागच्या बाकावरची मंडळी जास्त श्रीमंत आहेत.

मी औषधनिर्माण अधिकारी आहे. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून, डॉक्टरांना दाखवून, सगळ्यात शेवटी लोक ज्या खिडकीपाशी येतात, त्या खिडकीच्या आतली बाई. लोक कंपाउंडर म्हणतात, कुणी गोळ्यावाली मॅडम म्हणतात. दोन्ही चालते. माझी बहुतेक नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. आज मी माझ्याबद्दल फार बोलणार नाही. आमच्याकडे दरवर्षी शिकायला येणाऱ्या डी. फार्म.च्या मुलामुलींबद्दल बोलायचे आहे, कारण त्यात तुमच्यापैकी काहींकडे माझे काम आहे.

आपण आठवीत होतो तेव्हाची एक गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि भूगोलाच्या बाईंनी जिल्ह्याचा नकाशा सगळ्यांना पुन्हा काढायला लावला. जिल्हे कागदावर दोन झाले. जंगल एकच राहिले, तापाचा मोसम एकच राहिला आणि औषधाची गाडीही बराच काळ त्याच रस्त्याने गेली. गडचिरोलीत आज बारा तालुके आहेत. कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी कानावर पडते, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली, भामरागड-एटापल्लीत माडिया, आणि आरमोरी-वडसा म्हणजे आपली झाडीपट्टी. एका जिल्ह्यात इतक्या भाषांतून "ही गोळी रात्री घ्यायची" हे सांगावे लागते. हे कोणत्याही पुस्तकात नाही.

आता नियम काय आहे ते थोडक्यात सांगते. बारावीनंतर दोन वर्षांचा डी. फार्म. अभ्यासक्रम असतो. तो संपला की लगेच फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. आधी प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९९१ च्या नियमावलीत ते पाचशे तासांचे होते आणि २०२० च्या नव्या नियमावलीतही पाचशेच आहे. ते किमान तीन महिन्यांत पसरलेले हवे, आणि त्यातले निदान अडीचशे तास चिठ्ठी वाचून रुग्णाला औषध देण्यात गेले पाहिजेत. हे प्रशिक्षण रुग्णालयात किंवा परवानाधारक औषध दुकानात, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हायचे असते. जिथे एकच फार्मासिस्ट आहे तिथे दोनापेक्षा जास्त विद्यार्थी घ्यायचे नाहीत, असेही १९९१ च्या नियमात लिहिलेले होते. मला हे कलम फार आवडते. ज्याने ते लिहिले त्याने कधीतरी खिडकीत उभे राहून काम केलेले असणार. दोन मुलांपर्यंत लक्ष राहते. तिसरा आला की तो मोबाइल बघतो.

पाचशे तास म्हणजे रोजचे आठ तास धरले तर त्रेसष्ट दिवस. ब्रिटनमध्ये फार्मसीची पदवी घेतल्यावर बावन्न आठवडे हाताखाली काम करावे लागते आणि नोंदणीची परीक्षाही द्यावी लागते, तेव्हा कुठे नोंदणी. आपल्याकडेही २००८ पासून फार्म. डी. नावाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचे शेवटचे पूर्ण वर्ष रुग्णालयात, डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरण्यात जाते. पण आपल्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या खिडकीत जो माणूस प्रत्यक्ष बसतो, तो बहुधा डी. फार्म.वालाच असतो. त्याच्या वाट्याला हे त्रेसष्ट दिवस.

आणि हे त्रेसष्ट दिवसही पुष्कळांचे कागदावरच होतात. इथे बसलेल्या औषध दुकानदारांनी रागावू नये, मी कुणाचे नाव घेत नाही. पण सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. मुलगा घरी असतो, शेतात असतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेचा क्लास लावतो. तीन महिन्यांनी ओळखीच्या दुकानातून फॉर्मवर सही-शिक्का मिळतो. पाचशे तास पूर्ण. एकदा एक वडील माझ्याकडे फॉर्म घेऊन आले होते. मुलगा सोबत नव्हताच. "मॅडम, सही तेवढी द्या, पोरगं हुशार आहे," म्हणाले. हुशार असेलही. मी म्हटले, "हुशार आहे तर पाठवा ना, मला हुशार माणूस हवाच आहे." तो शेवटपर्यंत आला नाही. आज तो कुठल्यातरी खिडकीत बसलेला असणार, आणि त्याच्यासमोर कुणाची तरी आई तापलेले लेकरू घेऊन उभी असणार.

२०२२ मध्ये डी. फार्म.नंतर नोंदणीच्या आधी एक्झिट परीक्षा घेण्याचे नियम आले. चांगले झाले. पण ती परीक्षा पर्याय निवडण्याची आहे. हात काय करतो आणि तोंड काय बोलते, हे त्यात दिसत नाही.

म्हणून आमच्या खिडकीत काय घडते ते जरा सविस्तर सांगते.

मुले येतात ती साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी, परीक्षा आटोपून. पहिले काही दिवस मी त्यांना खिडकीत येऊच देत नाही. आत भांडारात ठेवते. खोकी उतरवा, बॅच नंबर बघा, मुदत बघा, आधी संपणारे पुढे आणि नंतर संपणारे मागे लावा. ऑक्सिटोसिन, इन्सुलिन, सर्पदंशाची लस, अँटिरेबीज या सगळ्यांवर तापमान काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचा. मुलांना हे हमालीचे काम वाटते. तोंडे पडतात. पण आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा माहीत असलेल्या माणसाला मी काय सांगू? पारा पंचेचाळीसच्या वर जातो, वीज जाते, आणि शीतपेटीच्या दारावरचा तक्ता भरायचा राहिला तर आतले औषध पाणी झाले की नाही हे नुसते डोळ्यांना कळत नाही. बाळंतिणीला रक्तस्राव होत असताना ते कळते.

याच काळात मी त्यांना सर्पदंशाचे गणित घालते. साप चावलेल्या आणि विषाची लक्षणे दिसणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या द्याव्या लागतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालते. "कपाटात वीस कुप्या आहेत. भरपूर आहेत का?" बहुतेक मुले हो म्हणतात. वीस म्हणजे दोन माणसे. आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो हे धरले, तर दोन माणसे म्हणजे किती दिवस? यावर वर्गात ज्याला कधी पहिल्या बाकावर बसवले नसेल असा एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मग मागणी मे महिन्यातच गेली पाहिजे." मी त्याला त्या दिवसापासून मागणीपत्रकच लिहायला बसवले.

ही लस भुकटीच्या रूपात येते. पाणी घालून कुपी हलक्या हाताने फिरवायची, गदागदा हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. सिस्टरच्या हाताशी उभे राहून दहा कुप्या एकामागून एक तयार करून द्यायला लागतात, आणि पलंगावर माणूस डोळ्यांच्या पापण्या उचलू शकत नसतो. एवढे एकदा केले की त्या मुलाला "हलवू नये" हे पुन्हा सांगावे लागत नाही.

मग खिडकी. हिवतापाच्या बाबतीत महाराष्ट्रात गडचिरोलीचे नाव सगळ्यात आधी येते, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. आमच्याकडे हिवतापाच्या गोळ्या वयानुसार वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत येत राहिल्या आहेत. एक वर्षाच्या आतल्यांना गुलाबी, एक ते चारला पिवळे, पाच ते आठला हिरवे, नऊ ते चौदाला लाल आणि पंधरापासून पुढे पांढरे. मुले हा तक्ता एका रात्रीत पाठ करतात. दुसऱ्या दिवशी खिडकीत एक बाई मुलगा घेऊन येते, मी विद्यार्थ्याला पुढे करते, आणि तो विचारतो, "वय किती?" ती म्हणते, "असन सात-आठ." तो हिरवे पाकीट उचलतो.

मी त्याला थांबवते. मुलाला विचार, कितवीत आहेस. मुलगा म्हणतो चौथीत. म्हणजे वय नऊ-दहा. पण आपल्याकडची मुले अंगाने लहान असतात, मग वजनकाट्यावर उभा कर, डॉक्टरांना विचारून घे, मगच पाकीट ठरव. तक्ता पाठ असणे आणि पाकीट हातात देणे यांच्यामध्ये हे सगळे येते, आणि ते शिकायला पाच मिनिटे लागत असली तरी ती पाच मिनिटे कुणीतरी त्याच्याशेजारी उभे असावे लागते.

आणखी एक. पहिला डोस आमच्यासमोरच घ्यायचा असतो आणि या गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या नाहीत. एका विद्यार्थिनीने सगळे बरोबर केले. पाकीट बरोबर, दिवस बरोबर, समजावणे बरोबर. पाण्याचा ग्लासही आणून दिला. मी फक्त विचारले, "हिला विचारलंस का, जेवली का?" ती बाई पहाटे निघून तेवीस किलोमीटरवरून आली होती, अर्धे पायी. सकाळपासून पोटात काही नाही. त्या मुलीने स्वतःचा डबा उघडला. पोहे होते. बाईने खाल्ले, मग गोळ्या घेतल्या, मग आम्ही तिला थोडा वेळ बाकावर बसवून ठेवले, उलटी होत नाही ना बघायला. उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा लागतो. त्यानंतर ती मुलगी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारायची, "काय खाल्लं?" सर्दीचे औषध न्यायला आलेल्या शिक्षकांनाही विचारायची. ते हसायचे.

"जेवणानंतर तीन वेळा" हे वाक्य तर मी मुलांच्या तोंडून काढूनच टाकते. आमच्याकडचे पुष्कळ लोक दोनदाच जेवतात. मग ते गोळीही दोनदाच घेतात, आणि ते चुकले असे मला कधी वाटले नाही. आपण सांगितले तेच त्यांनी केले. मोहाच्या दिवसांत घरातली सगळी माणसे अंधारातच जंगलात जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. अशा वेळी "सकाळी नाश्त्यानंतर" म्हणजे नेमके कधी? सूर्य कुठे आला की, गुरे परत आली की, दिवा लावला की, असे बोलायला शिकावे लागते. नियमावलीत प्रशिक्षणाच्या कामांत चिठ्ठी वाचणे आणि तिचे भाषांतर करणे असे एक काम दिलेले होते. लिहिणाऱ्याच्या मनात चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरे असणार. आम्ही तेच काम माडियात करतो, आणि ते बहुधा आमची वॉर्डातली मावशी किंवा आशा ताई करून देते. विद्यार्थ्याने तिच्याकडून शिकायचे असते. काहींना हे जड जाते, कारण ती दहावीही नसते.

झाडीबोलीचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या झाडीबोलीत "ळ"चा "र" होतो, डोळ्याचा डोरा होतो. पश्चिम महाराष्ट्रातून आलेला एक मुलगा आमच्याकडे होता. खिडकीतून एक आजी म्हणाली, "बापू, तुयी गोरी मले लागली नाई." हा मुलगा लाजून लाल! त्याला वाटले आजी त्याच्या कुणा गोऱ्या मैत्रिणीबद्दल बोलते आहे. आजीला रक्तदाबाच्या गोळीने गुण आला नव्हता, एवढेच. पुढे त्याने वहीत एक यादीच केली, पाठीमागच्या पानावर.

हसण्यावारी नेण्यासारखे नाही असेही एक सांगते. कुष्ठरोग आपल्या जिल्ह्यांना नवा नाही. शाळेची सहल आनंदवनात गेली होती, वरोऱ्याला. बाबा आमटे आपल्याला हात जोडून भेटले होते, आठवते? तेव्हा आपण ज्यांच्याकडे बघायला घाबरलो, त्या आजारावर आज महिन्याच्या पाकिटात औषध मिळते. ज्यांच्या अंगावर चट्टे जास्त, त्यांना तीन औषधे बारा महिने. त्यातल्या रिफॅम्पिसीनने लघवी लालसर होते. क्लोफाझिमिनने हळूहळू कातडी काळवंडते, औषध संपल्यावर काही महिन्यांनी रंग परत येतो. ही दोन वाक्ये औषध देताना कुणी सांगितली नाहीत तर काय होते? माणूस पहिल्याच दिवशी लाल लघवी बघून घाबरतो, रक्त जाते आहे समजतो आणि पाकीट चुलीत टाकतो. पुढे काही महिन्यांनी चेहरा काळवंडला की घरचे म्हणतात, रोग वाढला. बारा पाकिटांपैकी चार घेऊन माणूस गायब होतो, आणि बोटे वाकलेली घेऊनच परत येतो.

ही दोन वाक्ये डी. फार्म.च्या पुस्तकात आहेत, दुष्परिणामांच्या यादीत, मुलांना त्यावर गुणही मिळालेले असतात. पण समोर बसलेल्या माणसाला "तुमची लघवी लाल होईल" असे एका तरुण मुलीने, रांगेत लोक उभे असताना, स्पष्ट म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यांदा तिला ते जमत नाही. आवाज खाली जातो, नजर टेबलावर जाते. मी त्यांना सांगते, बोलून झाले की त्याच्याकडून परत वदवून घे. "आता तुम्ही मला सांगा, लघवी लाल झाली तर काय करायचं?" तो म्हणाला "काहीच नाही, गोळी चालू ठेवायची," की काम झाले. साधारण दहाव्या-बाराव्या रुग्णानंतर मुली हे सहज बोलू लागतात. मुलांना थोडा जास्त वेळ लागतो, का कोण जाणे.

सिकल सेलचेही असेच. दुखत नसतानाही रोज हायड्रॉक्सीयुरियाची गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचे, ठरल्या दिवशी रक्त तपासायला यायचे. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकल सेल मोहीम सुरू आहे, तपासण्या होत आहेत, कार्डे मिळत आहेत. कार्ड मिळाल्यावर आयुष्यभर दर महिन्याला ज्या माणसाशी बोलणे होणार, तो खिडकीतला माणूस आहे.

इन्सुलिनची गोष्ट जरा लांबते, पण सांगते. एका विद्यार्थ्याने पिशवीवर सुवाच्य अक्षरात लिहून दिले, "फ्रीजमध्ये ठेवा." आजोबांनी पिशवी घेतली, नमस्कार केला, निघाले. मी मुलाला म्हटले, त्यांच्या मागे जा आणि घरी फ्रीज आहे का विचार. फ्रीज नव्हता. गावात एक होता, किराणा दुकानात, थंड पेयांच्या बाटल्यांचा, तोही रात्री बंद करायचे. मग आम्ही बसून त्यांना मडक्याची रीत सांगितली. मोठ्या मडक्यात थोडे पाणी, त्यात लहान मडके, त्यात कोरड्या डबीत बाटली, वर ओले फडके, सावलीची जागा. दुसऱ्या खेपेला आजोबांनी ती डबी बघायला आणली. मुलाला म्हणाले, "बाप्पा, तुया औषधासाठी म्यां नवं मडकं घेतलं." परतीच्या गाडीत बसेपर्यंत तो मुलगा त्यांच्याशी बोलत उभा होता.

आता कुणी म्हणेल, दोन वर्षे शिकलेल्या पोरांकडून एवढ्या अपेक्षा कशाला? याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. त्यांचे शिक्षण पाचवी ते दहावी एवढेच. त्या बाळाचे वजन करायला शिकल्या, श्वास मोजायला शिकल्या, जंतुसंसर्ग ओळखायला शिकल्या आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकल्या. नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ च्या डिसेंबरात लॅन्सेटमध्ये छापून आले. त्या बायका पुस्तक वाचून तयार झाल्या नव्हत्या. कुणीतरी त्यांच्याबरोबर घरोघर गेले, त्यांचा हात बघितला, पुन्हा करून दाखवा म्हणाले, पुन्हा बघितले. आमची मुले तर बारावी सायन्स होऊन दोन वर्षे फार्मसी शिकलेली असतात. त्यांना उणीव आहे ती शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाची.

तो माणूस मिळत नाही, याची कारणेही मला माहीत आहेत. आमच्याकडे पदे रिकामी राहतात. जो आहे त्याच्यासमोर सकाळी दीडशे लोकांची रांग असते, संगणकावर नोंदी करायच्या असतात, आणि विद्यार्थी म्हणजे आणखी एक काम वाटते. पहिले दोन आठवडे खरोखरच जास्तीचे काम असते. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र रांग लवकर सरते. हे मी माझ्या सोयीसाठीच सांगते आहे, समाजसेवा म्हणून नाही.

दुसरे कारण राहण्याचे. चंद्रपूरच्या कॉलेजातली मुलगी अहेरीला किंवा एटापल्लीला तीन महिने कुठे राहणार? मुलांना कसेतरी जमते, मुलींचे अर्ज मागे घेतले जातात. त्यांचे वडील मग ओळखीच्या दुकानातून सही आणतात, आणि मला त्या वडिलांना दोष देता येत नाही. एसटीचे शेवटचे वाहन कधी सुटते आणि पावसात ते येते की नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझे म्हणणे पटेल.

म्हणून आता कामाचे.

आपल्या तुकडीत किमान चौघांची औषध दुकाने आहेत, दोन चंद्रपुरात, एक ब्रह्मपुरीला, एक राजुऱ्याला. तुमच्याकडे दुकानातले काम शिकायला मिळते, जे आमच्याकडे मिळत नाही. प्रतिजैविकाच्या दोनच गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पूर्ण कोर्स घ्यायला कसे वळवायचे, नाहीतर नम्रपणे नाही कसे म्हणायचे, हे सरकारी खिडकीत शिकता येत नाही. शेड्यूल एच-१ चे रजिस्टर २०१४ पासून आहे. तीन वर्षे जपून ठेवावे लागते, ते विद्यार्थ्याला रोज लिहू द्या. एकावेळी दोघेच घ्या. आणि जो आला नाही त्याच्या फॉर्मवर सही करू नका, मग तो कुणाचाही भाचा असो. मी हे सगळ्यांसमोर बोलते आहे म्हणजे उद्या कुणी फोन केला तर तुम्हाला सांगायला बरे, की त्या बाईने भर सभेत वचन घेतले.

डॉक्टर झालेल्या तिघांना एवढीच विनंती, की तुमच्या राउंडला एखादा डी. फार्म.चा विद्यार्थी मागे उभा राहिला तर त्याला हाकलू नका. आठवड्यातून एक दिवस पुरे. ज्या रुग्णाला त्याने परवा गोळ्या दिल्या, तो आज पलंगावर कसा दिसतो हे त्याने बघितले पाहिजे.

आपल्या विज्ञानाच्या सरांना मी आधीच गाठले आहे. सर निवृत्त आहेत, पण त्यांनी मान्य केले आहे की मुले कामावर जाण्याआधी एक रविवार ते त्यांना वजनकाटा, तापमापी आणि मोजपात्र यांवर घासून काढतील. ज्यांनी सरांच्या हाताखाली प्रयोगवही लिहिली आहे त्यांना त्या मुलांची दया येईल.

आणि खोली. या जूनमध्ये दोन मुली अहेरीला यायला तयार आहेत. एकीचे घर सिंदेवाहीला, दुसरीचे गोंडपिपरीला. दोघींच्या घरच्यांची अट एकच, ओळखीच्या घरात राहायला मिळाले पाहिजे. रुग्णालयापासून चालत जाता येईल असे, तीन महिन्यांसाठी. भाडे त्या देतील, स्वयंपाक स्वतः करतील. आपल्यातल्या कुणाची बहीण, दीर, जुने शेजारी अहेरीत असतील, तर मला नाव आणि नंबर हवा आहे. आलापल्लीही चालेल, पण मग सकाळच्या गाडीची वेळ मला नीट विचारून घ्यावी लागेल. चहाच्या वेळी मी दाराजवळच्या खुर्चीवर वही घेऊन बसते. मेळावा संध्याकाळपर्यंत आहे, पण माझी परतीची गाडी साडेचारची आहे, तेव्हा त्याआधी या.